'फोटो जमले नाहीत' एवढ्यानं भागत नाही

आर्वीत घर विकायला निघालं की ते आधी मोबाइलवर फिरतं. पुण्याला नोकरीत असलेला मुलगा आई-वडिलांसाठी घर शोधतो, तेव्हा व्हॉट्सॲपवर आलेले फोटो बघूनच सुट्टी टाकायची की नाही ते ठरवतो. हे फोटो काढणारा बहुतेक वेळा लग्नाची कामं करणारा स्टुडिओवाला असतो. माणसांचे चेहरे त्याला छान कळतात, पण घर घेणाऱ्याच्या मनात काय चाललंय ते त्याला ठाऊक नसतं. ते ठाऊक असतं एजंटाला, कारण रोज गिऱ्हाइकाची बोलणी तोच ऐकतो. ही माहिती एजंटाकडून फोटोवाल्याकडे जायला हवी, आणि ती जात नाही यामागे काही पक्के गैरसमज आहेत.

पहिला आणि सगळ्यात नडणारा गैरसमज म्हणजे नापसंती सांगितली की अभिप्राय दिला. 'मजा नाही आली, परत काढ' यातून फोटोवाल्याला काही म्हणता काही कळत नाही. तो अंदाजानं रंग भडक करतो, दोन फोटो वाढवतो, आणि पुन्हा तेच ऐकतो. त्याऐवजी असं सांगून बघा : 'चौथ्या फोटोत ओटा अर्धाच आलाय. बायामाणसं ओटा किती लांब आहे आणि सिंक कुठे आहे ते हमखास विचारतात. दारातून पूर्ण ओटा दिसेल असा एक फोटो पाहिजे.' कोणता फोटो, त्यात काय राहिलं आणि ते कुणाला कशासाठी बघायचंय, हे सगळं त्यात आलं. लेन्स कोणती लावायची आणि फ्लॅश कुठे ठेवायचा हे त्यात नाही, ते नसलेलंच बरं. तो त्याचा धंदा आहे.

'खोली मोठी दिसली पाहिजे' ही मागणी तर जवळजवळ प्रत्येक एजंट करतो. वस्तुस्थिती अशी की घराच्या आतले फोटो फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर साधारण १६ ते २४ मिलिमीटरच्या लेन्सनं नीट येतात. त्याहून रुंद गेलं, किंवा मोबाइलचा ०.५ चा कॅमेरा लावला, की कडेचा पलंग ताणला जातो आणि दहा बाय दहाची खोली हॉलसारखी भासते. गिऱ्हाईक दारात उभं राहताच 'फोटोत तर मोठी दिसत होती' म्हणतं, आणि मग भावाची बोलणी सुरू होण्याआधीच विश्वास गेलेला असतो. म्हणून सांगायचं ते असं : 'दोन भिंती आणि खिडकी दिसू दे, माप खोटं वाटू नये.' भिंती तिरप्या, पडल्यासारख्या दिसत असतील तर तेही जरूर सांगा. कॅमेरा वर किंवा खाली झुकलेला असला की तसं होतं. तो छातीच्या उंचीवर, सरळ धरला की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

याला जोडूनच येतं 'नंतर फोटोशॉपमध्ये काढून टाक'. उजेड सारखा करणं, ट्यूबलाइटची निळसर झाक घालवणं, पावसाळ्यातलं मळकट आकाश थोडं उजळणं यात वावगं काही नाही. पण घरासमोरची डीपी, वरून गेलेली तार, भिंतीतली ओल पुसून टाकणं ही फसवणूक आहे. नव्या प्रकल्पांच्या आणि मोठ्या लेआऊटच्या बाबतीत तर कायदाच आडवा येतो. २०१६च्या रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून ज्याचं नुकसान झालं, त्याला बिल्डरनं भरपाई द्यावी लागते. कलम १० एजंटालाही खोटी माहिती देण्याची मनाई करतं. गावातल्या जुन्या घराच्या फेरविक्रीला हा कायदा सहसा लागत नाही, पण आर्वीसारख्या गावात नाव खराब व्हायला कायदा लागत नाही.

'फोटो फुटलाय, कॅमेराच भंगार' ही तक्रार बहुतेक वेळा कॅमेऱ्याची नसते. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की तो आक्रसून कितीतरी लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून मागवा, मग मत द्या.

उजेडाचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण इथे एजंटाचा शब्द सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. 'ऊन असलं की फोटो चांगला येतो, दुपारी चल' असं म्हणून फोटोवाल्याला नेलं जातं. घराचं तोंड कुठे आहे हे कुणी विचारत नाही. पूर्वमुखी घरावर सकाळी आठ-दहाच्या सुमारास छान उजेड असतो. दुपारनंतर सूर्य घरामागे जातो, दर्शनी भाग काळवंडतो आणि आकाश पांढरंफटक येतं. उत्तरमुखी घराची गोष्ट आणखी निराळी. आर्वी साधारण २१ अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला कललेला, आकाशात जेमतेम ४५ अंशांवर असतो, त्यामुळे उत्तरेकडच्या भिंतीवर दिवसभरात ऊन पडतच नाही. मेअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत उलट असतं, सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो आणि सकाळ-संध्याकाळ त्या भिंतीवर तिरपं ऊन येतं. वास्तूच्या हिशेबानं पूर्व आणि उत्तर दिशेला भाव जास्त, म्हणून एजंटाला घराचं तोंड पाठच असतं. ते 'दर्शनी भाग काळा आला' म्हणून नंतर सुनावण्यापेक्षा आदल्या दिवशी फोनवर सांगावं. हिवाळ्यात उत्तरमुखी घर असेल तर सूर्य मावळल्यावर घरातले दिवे लावून काढलेला फोटो कितीतरी उठून दिसतो.

चांगल्या फोटोबद्दल काही बोलायची गरज नाही, हाही गैरसमजच. 'मस्त' म्हणूनही पुरत नाही. बोअर आणि टाकी एकत्र दिसणाऱ्या फोटोमुळे पाण्याची विचारपूस थांबली, गेटसमोरच्या रस्त्याच्या फोटोमुळे चारचाकी वळेल का हा फोन आला नाही, असं काही घडलं असेल तर ते फोटोवाल्याला कळवा. लग्नाच्या अल्बममध्ये टाकी कुणी काढत नाही, तेव्हा टाकीचा फोटो इतका कामाचा असेल हे त्याला सुचणार कुठून? आणि हे बोलणं पैसे देताना नको. त्या वेळी कोणतीही सूचना रक्कम कमी करण्याचा बहाणा वाटते. गिऱ्हाईक घर बघून गेलं की त्याच संध्याकाळी, गेटवर त्यानं पहिला प्रश्न कोणता विचारला तो जसाच्या तसा फोटोवाल्याला पाठवून द्यावा.