धुऱ्यावरचा पळस आणि भोरड्या

या पोरांनो, उन्हं चढायच्या आत इकडे धुऱ्यावर या. हा आपला पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला. समुद्र इथून कुठल्या कुठे, पण विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. त्या पाण्यावर ओलित होत नाही, म्हणून पावसाच्या उरल्यासुरल्या ओलीवर आपण हरभरा घेतो. फाल्गुनात तो निघाला की काळी भुई भेगाळते. नेमका तेव्हाच पळस फुलतो. खारट जमीन सोसतो, पावसाळ्यात बुडाशी साचलेलं पाणीही सोसतो. मोठं खंबीर झाड!

"आबाजी, याची पानं कुठी गेली?"

टाकून दिली त्यानं. पानांतून पाणी उडून जातं, ते वाचलं. शिवाय पानांची आड गेली, आता फुलं लांबूनही दिसतात. कोणाला? पाखरांना. हे फूल नाकाला लाव. वास येतो? नाही ना. मधमाशी वासावर येते, अन्‌ लाल रंग तिला नीट ओळखू येत नाही. पाखराला मात्र तोच रंग आधी दिसतो. आता पाकळ्या मोज. एक उभी, दोन बाजूंच्या, आणि दोन जुळून झालेली ही राघूच्या चोचीसारखी वाकडी. तिला हळूच दाब. आले बाहेर दहा पुंकेसर! बोटाला लागली ती पिवळी धूळ म्हणजे पराग. रस तळाशी ठेवलाय, म्हणजे पिणाऱ्याला या धुळीला अंग लावूनच आत जावं लागतं.

तो बघ जांभळा शिंजीर. हिवाळ्यात मळकट पिवळा दिसत होता; विणीचा हंगाम आला, तसा नर चकाकू लागला. अमेरिकेतला गुंजन पक्षी हवेत थबकून रस पितो, आपला शिंजीर बहुतेक वेळा डहाळीवर बसूनच पितो. एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर नेतो, मग शेंग धरते. चपटी शेंग, अन्‌ तिच्यात बी एकच, तेही पार टोकाशी. उन्हाळी वाऱ्यावर ती उडत जाते.

आणि हा कलकलाट भोरड्यांचा. काळं डोकं, गुलाबी पाठ, डोक्यावर तुरा. यांनाच पळसमैना म्हणतात. पावसाळा सरताना येतात, एप्रिलात जातात, पण इथं घरटं कधी बांधत नाहीत. पार कझाकस्तानकडच्या गवताळ माळांवर, दगडांच्या फटींत अंडी घालतात. का? मे-जूनमध्ये तिथं टोळ अन्‌ नाकतोडे निघतात, पिल्लांना भरवायला तेच लागतात. चीनच्या शिनच्यांग प्रांतात तर लोकांनी या पाखरांसाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचून दिलेत. टोळांवर फवारणी करण्यापेक्षा भोरड्या बऱ्या!

"मंग तुमी ज्वारीत गोफण कावून मारता?"

ज्वारी दाण्यात असताना हजारोंचा थवा उतरला तर कणसं रिकामी होतील बापा, तेव्हा राखण करावीच लागते. पण ज्वारी घरात आली की गोफण खुंटीला. आता ही पाखरं पळसाच्या, सावरीच्या रसावर आहेत, पुढं त्यांना डोंगर ओलांडायचेत. धुरा साफ करायला जेसीबी येणार आहे ना, तेव्हा या चार पळसांना हात लावू द्यायचा नाही, असं मी तुझ्या बापाला बजावून ठेवलंय.