काळे वस्त्र आणि प्रवाहबाह्य संगीत : जपानी वेशरचना व माणदेशी घोंगडी

प्रास्ताविक :
वस्त्र हे केवळ देहाचे आच्छादन नसून समूहाच्या जीवनदृष्टीचे द्योतक असते. संगीत आणि गडद वस्त्र यांचे नाते दोन भिन्न संस्कृतींत कसे आढळते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जपानी संदर्भ :
१९८१ मध्ये रेई कावाकुबो व योहजी यामामोटो यांनी पॅरिसमध्ये आपली वस्त्रे सादर केली. काळा रंग, सैल आकार आणि मुद्दाम ठेवलेली अपूर्णता यांमुळे युरोपीय सौंदर्यकल्पनेला धक्का बसला. पुढच्या पिढीतील जुन ताकाहाशी यांचा जन्म १९६९ मध्ये किर्यू या वस्त्रोद्योगाच्या गावी झाला. टोकियोत शिकत असताना ते 'टोकियो सेक्स पिस्टल्स' या वाद्यवृंदात गात असत. १९९० मध्ये त्यांनी 'अंडरकव्हर' ही नाममुद्रा स्थापन केली आणि २००२ मध्ये ती पॅरिसला नेली. पंक संगीतातील बंडखोरी त्यांच्या फाटक्या, ठिगळ लावलेल्या वस्त्रांत उतरली. येथे काळेपणा ही कलावंताने केलेली निवड आहे.

माणदेशी संदर्भ :
सातारा जिल्ह्यातील माण, खटाव आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांतील धनगरांच्या खांद्यावर काळी घोंगडी असते. हा काळा रंग रंगवलेला नसतो, तो दख्खनी मेंढीच्या लोकरीचा अंगचाच असतो. लोकर कातरून, पिंजून तिचे सूत काढले जाते. म्हसवडसारख्या गावी सणगर समाजाचे कारागीर ते मागावर विणतात आणि चिंचोक्याच्या खळीने त्यास ताठपणा आणतात. पावसात तीच घोंगडी खोळ होते आणि रात्री अंथरूण होते.

या वस्त्राचेही स्वतःचे संगीत आहे. आरेवाडी (ता. कवठेमहांकाळ) येथील बिरोबाच्या यात्रेत ढोलाच्या ठेक्यावर गजनृत्य रंगते, ओव्या गाइल्या जातात. नागर रंगमंचाबाहेर राहिलेल्या या मौखिक परंपरेकडे गुंथर सोन्थायमर यांच्यासारख्या जर्मन अभ्यासकाने आयुष्यभर लक्ष दिले. त्यांचा बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांवरील ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला.

तुलना व प्रश्न :
दोन्हीकडे वस्त्र व संगीत प्रस्थापित अभिरुचीच्या बाहेर उभे आहेत. तथापि ताकाहाशींच्या वस्त्रावर कर्त्याचे नाव असते आणि मूल्य त्या नावाला मिळते. घोंगडीवर विणकराचे नाव नसते. शिवाय मेंढीपालनाचे अर्थकारण आता मांसाकडे वळले आहे. जत तालुक्यातील माडग्याळ मेंढी वजनदार असली, तरी तिला लोकर अत्यल्प असते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने जुळ्या कोकरांसाठी विकसित केलेल्या वाणामागेही उत्पन्नवाढीचाच हेतू आहे. मेंढपाळाच्या दृष्टीने ही निवड रास्तच होय. मात्र लोकरीला भाव नसल्याने काळ्या मेंढीची जोपासना मागे पडते आणि तिच्याबरोबर कातरणी, सूतकताई व माग यांची साखळीही तुटते.

समारोप :
जपानी कलावंताला काळा रंग बाजारातून केव्हाही मिळू शकतो. माणदेशातील काळा रंग कळपातून गेला, की परत आणणे कठीण. म्हणून घोंगडीचे जतन हा केवळ हस्तकलेचा प्रश्न नाही. लोकरीला योग्य भाव, विणकराच्या नावाला प्रतिष्ठा आणि ओवीगायनाची नोंद या तिन्ही बाबी एकत्रितपणे हाताळणे अगत्याचे आहे. सातारा-सांगलीतील महाविद्यालयांच्या मराठी, अर्थशास्त्र व प्राणिशास्त्र विभागांना संयुक्त अभ्यासासाठी हे क्षेत्र दाराशीच उपलब्ध आहे.