जीवसृष्टीचें गोठविलेलें दप्तर



वस्तुसंग्रहालय म्हटलें कीं कांचेच्या कपाटांतील पेंढा भरलेला वाघ, सांगाडे आणि टांचणीनें टोंचलेलीं फुलपांखरें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु न्यूयॉर्क येथील निसर्गेतिहासाच्या प्रसिद्ध वस्तुसंग्रहालयांत २००१ सालापासून एक निराळाच संग्रह वाढत आहे. तो प्रेक्षकांना दिसत नाहीं. द्रवरूप नत्रवायूनें थंड राखलेल्या धातूच्या पिंपांत, शून्याखालीं १५० अंशांहूनहि अधिक थंडींत, प्राण्यांच्या यकृताचे, स्नायूंचे व रक्ताचे अंश लहान लहान कुप्यांतून तेथें जपून ठेविलेले असतात. अशा संग्रहाची व्यवस्था कशी चालते आणि तींत एवढी काळजी कां घ्यावी लागते, हें आज पाहावयाचें आहे.

प्राण्याच्या पेशींत डीएनए नांवाचें द्रव्य असतें. त्याच्या वंशाची हकीकत त्यांत नोंदलेली असते, असें म्हणण्यास हरकत नाहीं. क्वागा हा दक्षिण आफ्रिकेंतील, पुढच्याच अंगावर ठळक पट्टे असलेला प्राणी घ्या. ज्या १८८३ सालीं मुंबईंत ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन झाली, त्याच सालीं ॲमस्टरडॅमच्या प्राणिबागेंत शेवटची क्वागा मादी मरण पावली. हा प्राणी घोड्याचा जवळचा कीं झेब्र्याचा, हा वाद मात्र मागें राहिला. १९८४ सालीं जर्मनींतील माइन्झच्या संग्रहालयांत असलेल्या जुन्या कातड्याच्या वाळक्या मांसांतून शास्त्रज्ञांनीं डीएनए मिळविला, आणि क्वागा हा झेब्र्याचाच निकटचा आप्त ठरला. तें कातडें ज्यांनीं जपलें त्यांना डीएनए हें नांवहि ठाऊक नव्हतें.

वाळक्या कातड्यांत हें द्रव्य तुटक-तुटकच सांपडतें. आणि नमुने टिकविण्यासाठीं वापरतात तें फॉर्मालिन तर त्याची फार हानि करतें. म्हणून हल्लीं नवा नमुना हातीं येतांच, फॉर्मालिनचा स्पर्श होण्यापूर्वीं, त्याचा लहानसा तुकडा काढून गोठवितात किंवा तीव्र मद्यार्कांत बुडवितात. कुपीवर क्रमांक घालतात. त्या क्रमांकाशीं जोडून प्राणी कोणता, कोठें, केव्हां व कोणीं मिळविला याची नोंद करतात, आणि शक्य तेथें त्याचें कातडें व कवटीहि जतन करतात. पुढें जातीविषयीं शंका निघाली तर साक्ष त्यांचीच काढावयाची असते. नोंद हरवली तर आंतील मांस शाबूत असूनहि कुपी जवळजवळ निरुपयोगी होते.

वारंवार वितळवून पुन्हां गोठविल्यानें डीएनए झिजतो. लोणच्याच्या मोठ्या बरणीला सारखा हात लागूं नये म्हणून गृहिणी रोजच्यापुरतें लोणचें लहान बरणींत काढून ठेवते. येथेंहि तसेंच करतात. एका नमुन्याच्या दोन-चार कुप्या करावयाच्या, आणि शक्य तर एक निराळ्या ठिकाणीं ठेवावयाची, म्हणजे एखादें यंत्र बिघडलें तरी सर्वस्व जात नाहीं.

खरी कसोटी याच्या पुढें आहे. कवटी शंभर जणांनीं मोजली तरी ती कवटीच राहते. परंतु ऊतीचा कण तपासला कीं तो संपला. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा मागणारें पत्र आलें कीं संग्रहपालाला विचार करावा लागतो : शिल्लक किती आहे? दुसऱ्या नमुन्यानें काम भागेल काय? निष्कर्ष सर्वांस खुले होतील काय? ज्या देशांतून नमुना आला त्याची संमति आहे काय? आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्यानें परकीय संशोधकास चेन्नई येथील राष्ट्रीय प्राधिकरणाची पूर्वमान्यता घ्यावी लागते.

सर्वांना होकार दिला तर पिंप रिकामें होईल. सर्वांना नकार दिला तर तें कृपणाचें धन होईल. शेतकरी बियाणें राखतो तें पेरण्यासाठींच, परंतु सगळें एकाच हंगामांत पेरीत नाहीं. आजच्या प्रश्नासाठीं कांहीं कण द्यावे, आणि जो प्रश्न अजून कोणास सुचलेलाहि नाहीं त्याच्यासाठीं कांहीं राखावे, हा विवेक संग्रहपालाला रोज करावा लागतो. कपाटांतील वाघापुढें आपण उभे राहतों, तेव्हां पलीकडे कोणी हा हिशेब सांभाळीत असतो, हें ध्यानांत असावें.