ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट : जोडणी, देखभाल आणि एका सेकंदाचं गणित



वर्गात गती शिकवत होतो. एका मुलीनं विचारलं, "सर, शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर कशासाठी असतं? आमच्या दादानं काढून टाकलंय. ग्रीस मारायला अडचण होते म्हणतो." कुंडल परिसरात द्राक्षबागेत ब्लोअर आणि उसाच्या रानात रोटाव्हेटर घरोघरी दिसतात. म्हणून या प्रश्नाचं उत्तर मुलांइतकंच आपल्यालाही हवं.

पीटीओ म्हणजे काय?

इंजिनाची ताकद मागच्या अवजाराला देणारा ट्रॅक्टरच्या मागचा खाचांचा दांडा म्हणजे पीटीओ. बहुतेक ट्रॅक्टरना सहा खाचा असतात आणि ठरलेला वेग मिनिटाला 540 फेरे. हा दांडा आणि अवजाराचा गिअरबॉक्स यांना जोडतो तो पीटीओ शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉसचे सांधे आणि मध्ये एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या असतात. अवजार वर-खाली झालं की सांधे वाकतात, नळ्या सरकतात आणि फिरणं चालूच राहतं. या सांध्याला 'हूकचा सांधा' असंही म्हणतात. पेशीच्या धड्यात भेटणारे रॉबर्ट हूक, तेच हे!

आता गणित करू

540 फेरे भागिले 60, म्हणजे सेकंदाला 9 फेरे. शाफ्टचा व्यास 7 सेंमी धरा. परीघ 22 सेंमी. 22 गुणिले 9, म्हणजे 198 सेंमी. जवळजवळ दोन मीटरची ओढणी एका सेकंदात गुंडाळली जाते! "बंद कर" असं ओरडायलासुद्धा तेवढा वेळ पुरत नाही. पदर, मफलर, सैल बाही, पायजम्याची नाडी, सगळ्यांना हेच लागू. कव्हर आहे ते यासाठी.

जोडताना

1. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. पीटीओचा दांडा बंद, हँडब्रेक वर, इंजिन बंद आणि चावी स्वतःच्या खिशात.
2. लिफ्टवर चालणारं अवजार असेल तर आधी खालचे दोन्ही हात आणि वरची टॉपलिंक जोडून पिना लावा. शाफ्ट त्यानंतर.
3. खाचा पुसून थोडं ग्रीस लावा. लॉकची पिन दाबून शाफ्ट आत सरकवा. 'टक्' असा आवाज आला तरी मागे ओढून खात्री करा.
4. लांबी बघा. शाफ्ट जास्तीत जास्त ताणला गेला तरी नळ्या निदान एक तृतीयांश एकमेकींत राहिल्या पाहिजेत. सर्वांत आखूड स्थितीत त्या तळाला टेकता कामा नयेत, नाहीतर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर दाब येतो. कापायचाच झाला तर दोन्ही नळ्या आणि कव्हर सारखंच कापावं लागतं. ते काम मेकॅनिककडे द्या.
5. कव्हरची साखळी अडकवा. शाफ्ट फिरतो, पण साखळीमुळे कव्हर जागेवर थांबतं.

चालवताना

पीटीओ कमी वेगावर सुरू करा, मग मीटरवरच्या 540 च्या खुणेपर्यंत न्या. रोटाव्हेटर उंच उचलताना किंवा बांधाला वळताना पीटीओ बंद करा, कारण जास्त वाकलेला सांधा हादरे देतो आणि क्रॉस लवकर जातो. फिरत्या शाफ्टवरून ओलांडून जायचं नाही, कधीच नाही.

देखभाल

• साधारण आठ तास काम झालं की क्रॉसच्या निपलला ग्रीस मारा. अर्थात इंजिन बंद करूनच. नळ्यांना आणि कव्हरच्या बेअरिंगलाही विसरू नका.
• नळ्या सुट्या केल्या तर परत घालताना दोन्ही टोकांचे आतले कान एका रेषेत आणा. चुकले तर शाफ्ट थरथरतो.
• बोर्डो किंवा गंधकाची फवारणी झाल्यावर शाफ्ट पुसून घ्या, वाळू द्या, मग ग्रीस लावा. नाहीतर गंज ठरलेला.
• काही शाफ्टना कमकुवत बोल्ट दिलेला असतो. दगड लागला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. तिथं कडक बोल्ट घालणं म्हणजे फ्यूजच्या जागी जाड तार लावण्यासारखं!
• क्रॉस हातानं हलवून बघा. खेळ वाटला, कटकट आवाज आला, की बदला.

त्या मुलीला दुसऱ्या दिवशी फळ्यावर हेच गणित करून दाखवलं. तिनं ते वहीच्या शेवटच्या पानावर उतरवलं आणि म्हणाली, "दादाला दाखवते."

पालकहो, एक काम करा. आज ट्रॅक्टर बंद असताना मुलांना सोबत घ्या, सुतळीनं शाफ्टचा परीघ मोजा आणि गुणिले 9 करा. आलेलं उत्तर घरातल्या ड्रायव्हरला मुलांच्याच तोंडून ऐकवा. काढलेलं कव्हर कोपऱ्यात पडलं असेल तर ते आजच परत बसवा. फुटलं असेल तर नवीन आणा.