‘ही’ म्हणजे कोणती, सर?

२००३ सालचा जून महिना. नववीच्या वर्गावर मी भूमिती शिकवीत होतो. फळ्यावर त्रिकोण काढला आणि नेहमीच्या सवयीने म्हणालो, ‘‘ही बाजू आणि ही बाजू समान, म्हणून हा कोन आणि तो कोनही समान.’’ पहिल्या बाकावरून आवाज आला, ‘‘सर, ‘ही’ म्हणजे कोणती?’’

वर्ग हसला. विचारणारा मुलगा जन्मांध होता. आठवीपर्यंत अंधशाळेत शिकून तो आमच्याकडे आला होता. वीस वर्षे आपण निम्मे गणित तोंडाने आणि निम्मे बोटाने शिकवीत आलो, हे मला त्या दिवशी कळले.

अशा मुलांना नेहमीच्या शाळेत सामावून घेण्याची केंद्राची योजना १९७४ची. पुढे १९९५चा अपंग व्यक्ती कायदा आला. २०१६च्या कायद्याने तर किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. दार उघडले. खरी अडचण सुरू होते ती दाराच्या आत.

प्राथमिक शाळेत एकच बाई दिवसभर वर्ग सांभाळतात. त्यांना मूल कळते. माध्यमिक शाळेत तास संपला की शिक्षक बदलतो आणि प्रत्येकाला वाटते, याचे दुसरे कोणीतरी पाहत असेल. अंध मुलाचे इतिहास ऐकून भागते, भूगोलाच्या नकाशापाशी तो एकटा पडतो. कर्णबधिर मुलीचे उलटे. शिक्षक फळ्याकडे वळला की त्याचे ओठ दिसेनासे होतात आणि तिचा तास तिथेच संपतो. कुबड्या घेणाऱ्या मुलीचा वर्ग वरच्या मजल्यावर असला, तर जिना नको म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नाही.

माझीही चूक सांगतो. पहिल्या चाचणीत मी त्या मुलाला आकृत्यांचे प्रश्न माफ केले आणि सरासरीने गुण देऊन टाकले. मला ती दया वाटली. तो पेपर घेऊन आला नि म्हणाला, ‘‘सर, हे मी सोडवलेलंच नाही.’’

मग मी पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून त्रिकोण केले. वर्तुळासाठी बांगडी आणली. वर्गात ‘ही’ आणि ‘ती’ म्हणणे सोडले. ‘बाजू एबी’, ‘कोन बी’ असे नाव घेऊनच बोलू लागलो. गंमत म्हणजे मागच्या बाकांवरची मुलेही प्रमेय नीट मांडू लागली.

दहावीच्या परीक्षेत त्याला लेखनिक मिळाला, खालच्या इयत्तेतला. त्या पोराने ते प्रमेय कधी ऐकलेलेही नव्हते. प्रत्येक रेघ कुठून कुठे काढायची, हे याला तोंडाने सांगावे लागले. बाहेर आल्यावर मी विचारले, ‘‘आकृती जमली का रे?’’

‘‘त्याने काढली,’’ तो म्हणाला, ‘‘पण सर, मी एकदाही ‘ही’ म्हणालो नाही.’’