दलाली ठरली, पण कागद कुठे आहे?

दूधवाल्याचा अर्ध्या लिटरचा खाडा आपण कॅलेंडरवर न चुकता मांडतो. भिशीचे हजार रुपये वहीत सही घेतल्याशिवाय कुणाच्या हाती देत नाही. घर विकायला काढलं की मात्र लाखाच्या घरातली दलाली चहाच्या कपावर ठरते. ‘जे रीतीप्रमाणे होईल ते देऊ’ एवढं बोललं की झालं! मैत्रिणींनो, ही ‘रीत’ प्रत्येकाची वेगळी असते, आणि ते कळतं खरेदीच्या दिवशी.

अकोल्याला माझ्या नणंदेनं जठारपेठेतलं घर विकलं. यजमान गेल्यानंतरचा तिचा हा पहिलाच मोठा व्यवहार, आणि त्या पैशांवर मुलीच्या इंजिनीअरिंगची फी अवलंबून. सौदा ३८ लाखांत ठरला, इसार झाला. ज्यानं सौदा जुळवला त्याचे दोन टक्के, म्हणजे ७६ हजार, ती द्यायला तयारच होती. तेवढ्यात दुसरा एजंट दारात. “घर तं या पार्टीले मीच पयले दाखवलं होतं ताई, माहे दोन टक्के?” खोटं तोही बोलत नव्हता. दिवाळीत तोच त्या लोकांना घेऊन आला होता. तेव्हा ताई ‘पाहू’ म्हणाली होती. तिच्या मनात ‘पाहू’ म्हणजे नंतर ठरवू, आणि त्याच्या मनात पक्कं! तीन बैठका झाल्या, दीर मधे पडले, शेवटी ३० हजारांवर मिटलं. पण त्या महिनाभरात ताईच्या डोळ्याला डोळा नव्हता.

कायदा काय म्हणतो? तोंडी करारही करारच असतो, पण तो सिद्ध कसा करणार? १८७२ च्या करार कायद्यात कलम २१९ आहे. वेगळं काही ठरलं नसेल, तर काम पूर्ण होईपर्यंत एजंटचा मोबदला देणं लागत नाही. आता गंमत पाहा, ‘काम पूर्ण’ म्हणजे इसार की रजिस्ट्री? भांडण नेमकं इथेच होतं. म्हणून ते शब्दांत लिहावं. टक्के किती, कोणत्या रकमेवर, जीएसटी त्यातच की वरून, सौदा फिसकटला तर काय, आणि घर त्याच्या एकट्याकडेच दिलंय की इतरांनाही सांगायची मोकळीक आहे, हेही. मुदत तर हवीच. नाहीतर दोन वर्षांनी कुणी येऊन हिस्सा मागेल.

नव्या फ्लॅट स्कीममध्ये घर घेत असाल तर एजंटचा महारेराचा नोंदणी क्रमांक मागा. २०१६ चा रेरा कायदा महाराष्ट्रात मे २०१७ पासून लागू आहे आणि नोंदणीकृत प्रकल्पातली विक्री बिननोंदणीच्या एजंटला करता येत नाही. क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येतो. आपल्याकडचे जुन्या घरांचे सौदे मात्र बहुतेक या चौकटीबाहेरचे. तिथे आपला कागद हाच आपला आधार. तो मुद्रांकावर केलेला बरा. १०० चा स्टॅम्प ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा झालाय, पण ७६ हजारांपुढे तो खर्च काय मोठा!

भाड्याच्या घराचंही असंच. एजंट महिन्याचं भाडं दलाली म्हणून घेतो आणि करारनाम्याचं ‘पाहून घेऊ’ म्हणतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. एजंटची नाही, आणि भाडेकरूचीही नाही.

अमरावतीला आमचा वरचा मजला भाड्यानं द्यायचा होता, तेव्हा मी एजंटपुढे कागद ठेवला. दलाली पंधरा दिवसांचं भाडं, तीही भाडेकरार नोंदल्यावर, एवढंच चार ओळींत. गडी हसला. “वहिनी, लिवून कायले घेता? मी का पयून चाललो काय?” म्हटलं, “तुम्ही नाही हो भाऊ, पण माझी आठवण पळते.” सही झाली. महिनाभरानं त्याचाच फोन, “तो कागद झेरॉक्स करून द्या न वहिनी. राजापेठच्या एका पार्टीनं माहे पैसे बुडवले.”