प्रॉपर्टी आणि प्रोप्रायटी: आत्याची सही कुठे अडली?

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहून देतोय. आज दोन इंग्रजी शब्द घेऊ. दिसायला जुळे भाऊ, पण वागायला अगदी वेगळे: प्रॉपर्टी आणि प्रोप्रायटी.

सुरुवात माझ्या फजितीपासून. एमपीएससीच्या सराव निबंधात मी 'जमिनीची मालकी' असं लिहिताना 'प्रोप्रायटी ऑफ लँड' लिहिलं. सरांनी लाल गोल केला आणि म्हणाले, "जमिनीला कसलं औचित्य रे?" सगळा वर्ग हसला. मला वाटलं, आपल्या मेढ्याच्या बाजारपेठेत दुकानांच्या पाट्यांवर 'प्रोप्रा.' म्हणून मालकाचं नाव असतंच की. मग प्रोप्रायटी म्हणजे मालकी का नाही?

घरी येऊन शोधलं, तेव्हा कळलं की माझी चूक साडेतीनशे वर्षं उशिरा झाली, एवढंच. दोन्ही शब्दांचं मूळ एक. लॅटिनमध्ये 'प्रोप्रियस' म्हणजे स्वतःचा, खास आपला. तिथून फ्रेंचमार्गे हे दोन्ही शब्द इंग्रजीत आले. सतराव्या शतकात प्रोप्रायटी हा शब्द मालकीसाठी सर्रास वापरत. थॉमस हॉब्ज यांच्या 1651 सालच्या 'लेव्हायथन' ग्रंथात तो त्याच अर्थाने येतो. पुढे वाटण्या झाल्या. मालकी प्रॉपर्टीकडे गेली आणि प्रोप्रायटीकडे उरलं औचित्य, म्हणजे शोभणं.

आता 'स्वतःचं' आणि 'शोभणारं' यांचा संबंध काय? सायन्सचं पुस्तक आठवा. तिथे प्रॉपर्टी म्हणजे गुणधर्म. मीठ खारट असतं, ते त्याचं स्वतःचं. जे ज्याचं स्वतःचं, तेच त्याला शोभतं, असा तो धागा आहे. 'प्रॉपर' या शब्दात तो अजून दिसतो. 'अप्रोप्रिएट' तर दोन्ही घरांत राहतो. विशेषण म्हणून त्याचा अर्थ 'योग्य', पण क्रियापद म्हणून 'आपल्याकडे घेणे' किंवा 'एखाद्या कामासाठी राखून ठेवणे'. म्हणून विधिमंडळात येतं ते ॲप्रोप्रिएशन बिल, म्हणजे विनियोजन विधेयक. आणि दुसऱ्याचं लबाडीनं आपलं केलं की मिसॲप्रोप्रिएशन, आपल्या भाषेत अपहार.

परीक्षेसाठी लक्षात ठेवायला सोपं आहे. प्रॉपर्टी विचारते, "हे कोणाचं?" प्रोप्रायटी विचारते, "हे बरं दिसतं का?" आमदार सभागृहात 'औचित्याचा मुद्दा' मांडतात, तो पॉइंट ऑफ प्रोप्रायटी. कॅगचं प्रोप्रायटी ऑडिट असतं. त्यात खर्च नियमात बसला का, एवढ्यावर थांबत नाहीत. तो करणं शहाणपणाचं होतं का, हेही बघतात.

इथपर्यंत हा नुसता शब्दांचा खेळ होता. पण गेल्या उन्हाळ्यात हे दोन्ही शब्द आमच्या सोप्यात येऊन बसले.

आजोबा गेल्यावर वारस नोंद झाली. सातबाऱ्यावर पप्पांचं, काकांचं आणि आत्याचं नाव लागलं. पप्पांना घर बांधायला कर्ज हवं होतं. कुणीतरी सुचवलं, आक्काचं हक्कसोडपत्र करून घ्या म्हणजे कटकट नको. आत्या मुंबईहून यात्रेला आली होती. जेवणं झाली आणि टाईप केलेला कागद तिच्यापुढे ठेवला गेला.

कायदा काय सांगतो, ते आधी बघू. हिंदू वारसा कायद्यात 2005 साली दुरुस्ती झाली. ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानेच मुलाइतका हक्क आहे, लग्न झालेलं असो वा नसो. महाराष्ट्राने 1994 मध्येच असा कायदा केला होता, पण त्यात आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. मग 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की 2005 मध्ये वडील हयात असण्याचीही अट नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेली वाटणी त्यामुळे मोडत नाही. आणि हक्क सोडायचाच असेल, तर तो नोंदणीकृत दस्तानेच सुटतो. एकदा सही झाली की मागे फिरणं फार अवघड.

म्हणजे प्रॉपर्टीचं उत्तर साफ होतं: हिस्सा आत्याचा. पण घरात सगळे बोलत होते दुसऱ्याच शब्दात. "भावाकडनं हिस्सा घेणं बरं दिसतं का?" "लोक काय म्हणतील?" ही सगळी प्रोप्रायटीच की!

मी हळूच विचारलं, "आत्या, तुला काय वाटतं?"

ती म्हणाली, "मला काय करायचंय रं रानाचं? माझं हक्काचं माहेर राहूदे म्हंजे झालं. पण बाळा, दादानं आधी इचारलं असतं तर हसत दिलं असतं. कागद तयार करून मग बोलावत्यात व्हय?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. औचित्याचा प्रश्न आम्ही फक्त बहिणीला विचारत होतो. न विचारता कागद पुढे करणं भावांना शोभतं का, हे कुणी विचारलंच नव्हतं. आणि आपल्या 'हक्क' शब्दाची गंमत बघा. 'हक्काचं माहेर' म्हणताना त्यात माया असते. 'हक्क मागितला' म्हटलं की लगेच भांडण वाटतं. शब्द तोच आहे.

आत्याने त्या दिवशी सही केली नाही. पप्पा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनीच तिला स्टँडवर सोडलं आणि एसटी लागेपर्यंत दोघं बोलत बसले. काय बोलले, मला माहीत नाही. कागद अजून कपाटात आहे, आणि सातबाऱ्यावर तिन्ही नावं आहेत. कर्जाचं आता तिघं मिळून बघतायत.

तर मंडळी, तुमच्या घरात असा कागद आला तर दोन्ही प्रश्न विचारा, आणि दोन्ही बाजूंना विचारा. हे कोणाचं? आणि असं मागणं किंवा सोडायला लावणं आपल्याला शोभतं का? मोबाईलवर आपला सातबारा उघडा, त्यावर आईचं, आत्याचं, बहिणीचं नाव आहे का बघा. नसेल तर का नाही, ते घरात विचारा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या, आणि आत्याला एक फोन करा!